पॅचखालची सही

दादानं आपलं काम स्वतःच्या नावावर खपवलं, हे स्नेहलला कळलं ते पोर्तुगालच्या एका बाईकडून. बोरी बुद्रुकात कुणाचं लग्न मोडलं आणि कुणाच्या बोअरला पाणी लागलं, हे चहा उकळायच्या आत कळतं. पण ज्या भावाच्या पाठीला पाठ लावून ती रोज बसत होती, त्यानं काय उद्योग करून ठेवलाय ते सातासमुद्रापलीकडून कळावं लागलं. तिला आधी राग आला तो याचाच.

ही गोष्ट दोन हजार आठ सालची. आळेफाट्यावर सुवालालशेठचं पंप, पाइप आणि स्टार्टरचं दुकान होतं, त्याच्या माडीवर तिघांचा कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, सोल्डरिंगचा धूर आणि खिडकीतून येणारे एसटीचे हॉर्न. शेठचा मुलगा पीयूष, त्याचा शाळेपासूनचा दोस्त ऋषी कोरडे आणि ऋषीची धाकटी बहीण स्नेहल. तिघं मिळून दूध डेअरीसाठी यंत्र करत होते. दुधाचं वजन घ्यायचं, फॅट काढायचं आणि दूध घालणाऱ्याच्या हातात छापील पावती द्यायची. यंत्र विकायचं पीयूषनं, बोर्ड बनवून वायरी जोडायच्या ऋषीनं आणि त्या यंत्राच्या डोक्यात अक्कल घालायची स्नेहलनं, अशी वाटणी होती.

यंत्राच्या पोटात तैवानच्या एका कंपनीची नवीकोरी एआरएम चिप होती. मोबाइलमध्ये असते त्या जातीची, पोस्टाच्या तिकिटाएवढी, स्वस्त आणि वीज कमी खाणारी. तिच्यावर लिनक्स चालवायचं होतं. लिनक्सचा जो गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरातली माणसं तो लिहितात आणि कुणालाही तो उघडून वाचता येतो. पण नवी चिप आली की तिच्यात कुठं काय आहे ते त्या कर्नेलला ठाऊक नसतं. घड्याळ कुठं, मेमरी कुठं, प्रिंटर कुठल्या दारानं जोडलाय, हे सगळं कुणीतरी बसून लिहून द्यावं लागतं. तैवानवाल्यांनी एक जुनं कर्नेल ठिगळं लावून सोबत पाठवलं होतं. ते कधी चालायचं, कधी मधेच झोपायचं, आणि तक्रार केली की 'नवी आवृत्ती लवकरच' असं उत्तर यायचं. शेवटी स्नेहलनं ते गाठोडं बाजूला सारलं आणि पहिल्या ओळीपासून सगळं स्वतः लिहिलं. त्यात तिचा पावसाळा गेला, दिवाळी गेली. पुण्याची नोकरी सोडून ती आली तेव्हा 'पोरीचं डोकं फिरलंय' असं म्हणणाऱ्या बोरीला ती काय करते ते तेव्हाही कळलं नव्हतं आणि पुढंही कळलं नाही.

असं लिहिलेलं काम मूळ कर्नेलात घ्या म्हणून मेलिंग लिस्टवर पाठवावं लागतं, म्हणजे एकाच मेलनं जगभरच्या सगळ्या सभासदांकडं. पाठवलेल्या तुकड्याला पॅच म्हणतात. त्यावर अनोळखी माणसं ओळीओळीला तोंड टाकतात, तेही सगळ्या जगासमोर, आणि तो तमाशा तिथं कायमचा राहतो. पटलं तर पॅच घेतात. पण त्याच्या खाली एक सही लागते. 'साइन्ड-ऑफ-बाय' आणि पुढं स्वतःचं खरं नाव. अर्थ सरळ आहे : हे मी लिहिलंय, किंवा हे द्यायचा मला हक्क आहे. आणि एकदा पॅच मूळ कर्नेलात गेला की खालचं नाव कुणाच्या बापाला खोडता येत नाही.

स्नेहलनं पॅच तयार करून ऋषीकडं दिले होते ते बोर्डावर तपासायला. 'तपासून ठेव, आल्यावर मी पाठवते,' असं सांगून ती मामेबहिणीच्या लग्नाला गेली. परत येऊन कॉम्प्युटर उघडला तर समोर इनेशचा मेल. ही इनेश म्हणजे ती पोर्तुगालची बाई, या चिपच्या घराण्याची राखणदार. तिनं हो म्हटल्याशिवाय आत काही जात नसे. बाईनं लिहिलं होतं, 'घेतलं. छान काम, ऋषी. पुढच्या आठवड्यात हे मूळ कर्नेलकडं वर पाठवते.'

छान काम, ऋषी! स्नेहलनं तो मेल पुन्हा वाचला. मग पॅच उघडून बघितले. ओळी सगळ्या तिच्या, टिपणं तिची, आणि खाली प्रत्येक ठिकाणी सही ऋषी भगवंत कोरडे.

"दादा, हे काय?"

"काय?" ऋषी मागं न वळता म्हणाला. त्याच्या हातात सोल्डरिंगची कांडी होती.

"इनेशचा मेल. कंचं काम केलं तू?"

"अगं, पाठवून टाकलं. तू लग्नाला गेली व्हतीस. त्यांची ह्या खेपेची मुदत संपत व्हती. थांबलो असतो तर पुढच्या आवृत्तीवर गेलं असतं सगळं."

"पाठवलं ते बरं केलं. सही कुणाची घातली?"

"माझी."

"का?"

आता ऋषी वळला. त्याच्या तोंडावर चोरीचा लवलेशही नव्हता, आणि तेच स्नेहलला जास्त झोंबलं. "तुझी घालून काय करू? उद्या तुझं लगीन झालं की तू कोरडे ऱ्हाणार हाईस का? तिथं एकदा गेलेलं नाव बदलत न्हाई. धा वर्सांनी कुणाला काई इचारायचं झालं, तर स्नेहल कोरडे म्हणून कुठं हुडकायचं तुला? मी कुठं जातोय? मी हितंच हाय."

हे तो मनापासून बोलत होता. त्याच्या डोक्यात याहून वेगळं यायला जागाच नव्हती. त्यांच्या घरी दूध काढायची आई, सरूबाई, आणि डेअरीत खातं बापाचं, भगवंताचं. गावात सगळीकडं तसंच होतं. बायको मेली तरी खातं चालू राहतं, म्हणून ते घरच्या कर्त्याच्या नावावर असायचं. त्यात कुणाला अन्याय दिसत नव्हता. पोरीच्या नावावर घरातलं काहीच ठेवत नाहीत, कारण पोरीचं नावच मुळी मुक्कामाला असतं. ऋषीनं तोच हिशेब कर्नेलला लावला. इंजिनिअर झाला तरी हिशेब बोरीचाच.

"माझं नाव बदलायचं का न्हाई ते मी ठरवीन," स्नेहल म्हणाली. "आन बदललं तरी लिहिलं मी. ज्यानं लिहिलं त्याची सही, हा तिथला नियम हाय. तू वाचलाय तो."

"वाचलाय. 'द्यायचा हक्क असला' तरी चालतं म्हणलंय त्यात. घरातलं द्यायला मला हक्क न्हाई व्हय?"

"न्हाई."

ऋषीनं कांडी स्टँडवर आपटली. "आन रीसेटचं कुणी शोधलं? आण्याच्या डेअरीत जाऊन कोण बसलं? तू का मी?"

हे मात्र खरं होतं. आणे गाव पठारावरचं, तिथं लाइट गेली आणि परत आली की यंत्र उठायचंच नाही, मुकं होऊन बसायचं. फाट्यावर कितीही वेळा बटण बंद-चालू करा, काही होत नसे. आण्यात मात्र रोजची बोंब. ऋषी तिथं मुक्काम टाकून आला आणि कर्नेलमध्ये दोन ओळी घालून त्यानं ते बरं केलं. स्नेहलनं 'चालतंय ना? मग झालं' म्हणून त्या दोन ओळी आपल्या कामात घेतल्या होत्या.

"दोन ओळी हायेत त्या," ती म्हणाली.

"त्या दोन ओळी नसत्या तर तुझं बाकीचं समदं शोभेचं व्हतं."

"मग दोन ओळींखाली सही कर. समद्याखाली कशाला केलीस, हावरटा?"

तेवढ्यात पीयूष जिना चढून वर आला. भांडण त्याला खाली पाइपच्या गिऱ्हाइकांसमोर ऐकू आलं होतं. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "काय राव तुमी! आपल्या दुकानावर पाटी बघा. सुवालाल अँड सन्स. दिवसभर गल्ल्यावर बसती माझी बहीण सिद्धी. तिनं कधी पाटी मागितली का?"

"तिला एकदा इचारून बघ," स्नेहल म्हणाली. "आन इचारताना जरा लांब उभा ऱ्हा."

पीयूष हसायला गेला, पण दोघांपैकी कुणीच हसलं नाही. स्नेहलनं ऋषीला एवढंच सांगितलं, की इनेशनं वर पाठवायच्या आत तिला मेल कर, सही चुकली म्हण, विषय संपला. ऋषी म्हणाला, "जगासमोर चुकलो म्हणू? लोक काय म्हणतील मला?"

"जे हाईस ते म्हणतील."

घरी गेल्यावर तिनं बापाला सांगून बघितलं. भगवंतानं पान जमवता जमवता ऐकलं आणि "घरातलंच हाय ना समदं?" एवढं बोलून तो मोटार चालू करायला निघून गेला. आईला तिनं विचारलं, "दूध तू काढतीस, पावती बापूंच्या नावाची. तुला कधी काई वाटलं न्हाई?" सरूबाई भाकरी थापत होती. "पावतीवर नाव कुणाचं, हे म्हशीला ठावं नसतं," ती म्हणाली. "मग मला काय वाटायचं? भाऊ हाय तुझा. उद्या सासरी काई झालं तर त्योच धावत येनार हाय. नावासाठी त्याच्याशी वाकडं घिऊ नको."

स्नेहलला आईचा जेवढा राग आला तेवढा ऋषीचाही आला नव्हता. भाऊ पुढं धावून यावा म्हणून आज त्याला लुटू द्यायचं, असला व्यवहार तिला मान्य नव्हता.

तिनं आठवड्याच्या शेवटापर्यंत वाट पाहिली. ऋषी बोर्ड जोडत राहिला, शिट्टी वाजवत राहिला. मग एका दुपारी, तो खाली चहाला गेलेला असताना, तिनं लिस्टवर मेल टाकला. 'हे पॅच मी लिहिले आहेत. ज्यांनी खाली सही केली त्यांनी ते लिहिलेले नाहीत आणि माझी परवानगी घेतलेली नाही. कृपया हे वर पाठवू नये.' आणि पाठवायचं बटण दाबलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची नव्हती तिला. चोरालाच द्यायची होती.

चहा पिऊन ऋषी वर आला, मेल वाचला आणि त्याचा चेहरा उतरला तो उतरलाच. एका शब्दानं तिच्याशी न बोलता त्यानंही लिस्टवरच उत्तर दिलं. 'स्नेहल माझी धाकटी बहीण आहे आणि आमच्याच टीममध्ये माझ्या हाताखाली काम करते. हा घरगुती गैरसमज आहे. तिच्या वतीनं मी दिलगिरी व्यक्त करतो.'

माझ्या हाताखाली! तिच्या वतीनं! स्नेहल एवढ्या मोठ्यानं हसली की खालून सिद्धीनं काय झालं म्हणून विचारलं.

आता बाई बाईच्या बाजूनं उभी राहील, असं स्नेहलला वाटलं होतं. इनेशचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यात मायेचा ओलावा शोधूनही सापडला नसता. 'मी सगळे पॅच काढून टाकले आहेत. तुमच्या घरच्या भांडणात मला रस नाही आणि त्यासाठी ही लिस्ट नाही. ज्यानं जे लिहिलं त्यानं त्याखाली सही करावी आणि पुन्हा पाठवावं. दोघांचं असेल तर दोघांच्या सह्या. तोवर मला काही पाठवू नका.'

झालं. मुदत हुकली. चिप पुन्हा कर्नेलच्या दाराबाहेर. लिस्टवर दोघातिघांनी टवाळी केली. पुण्याच्या जुन्या ऑफिसातल्या एकानं तर ऋषीला फोन करून विचारलं, "काय रे, बहिणीचं ढापलंस म्हणे?" तो फोन ऋषीनं खिडकीत उभं राहून घेतला. फोन ठेवल्यावर तो कितीतरी वेळ वळलाच नाही. त्याच्या मानेकडं बघून स्नेहलला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं हे तिला कळत होतं, पण बरंच वाटलं.

पीयूषनं दोघांपुढं हात जोडले. मूळ कर्नेलात जायची एवढी गरज काय, हे त्याला आधी कळत नव्हतं. स्नेहलनंच समजावलं होतं, की आत गेलं की सांभाळायला जग आहे, बाहेर राहिलं तर प्रत्येक नव्या आवृत्तीला आपणच पुन्हा ठिगळं लावत बसायचं, त्या तैवानवाल्यांसारखं. तेच तो आता तिला उलटं ऐकवत होता. "दोघांच्या सह्या करा अन् मोकळं व्हा. काय जातंय तुमचं?"

"मी तयार हाय," स्नेहल म्हणाली. "माझ्या कामाखाली माझी, त्या दोन ओळींखाली त्याची."

"तिच्या नावाखाली माझी सही?" ऋषी पीयूषला म्हणाला. "मेलो तरी करनार न्हाई. तिला म्हणावं, पाठव जा एकटीच. माझ्या दोन ओळी काढून पाठव. बघू चालतंय का."

चालणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही. तरी तिनं त्या ओळी काढून दुसऱ्या रस्त्यानं जाऊन बघितलं. घड्याळ आधी उठवून बघितलं, मेमरी दोनदा उठवून बघितली. आण्यासारखी कमी दाबाची लाइट द्यावी म्हणून पीयूषकडून डिमर, म्हणजे दाब कमीजास्त करायचं बटण, आणून यंत्राला जोडला. यंत्र मुकंच. पाठीमागं ऋषी बसलेला. त्याला उत्तर माहीत होतं आणि तो बोलणार नव्हता. ती चुकते तेव्हा त्याच्या खुर्चीचा आवाज यायचा, आणि तो आवाज तिला शिवीसारखा लागायचा.

पुढची मुदत जवळ आली तेव्हा स्नेहलनं एक गोष्ट केली. ऋषीच्या दोन ओळी उचलल्या, होत्या तशा आपल्या पॅचमध्ये घातल्या आणि सगळ्याखाली एकच सही ठोकली : स्नेहल भगवंत कोरडे. आपण काय करतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं. ज्या नियमासाठी तिनं भावाची जगासमोर शोभा केली, तोच ती आता मोडत होती. पण त्याच्या आडमुठेपणापायी आपलं वर्षभराचं काम दाराबाहेर कुजत ठेवायचं, हे तिच्या रक्तात नव्हतं. नाहीतरी त्यानं आपलं एवढं घेतलं, आपण दोन ओळी घेतल्या तर काय आभाळ कोसळणार आहे, असं तिनं स्वतःला बजावलं आणि पाठवून दिलं.

इनेशनं घेतलं. 'छान काम, स्नेहल.' आणि ते वर गेलं, मूळ कर्नेलात गेलं, जगभरच्या कॉम्प्युटरांवर उतरलं. नव्या आवृत्तीत तिनं स्वतःचं नाव शोधून काढलं आणि खरंच सांगायचं तर ती रडली. बोरीच्या पोरीचं नाव तिथं होतं, आणि लग्न झालं, नाव बदललं, जग इकडचं तिकडं झालं तरी ते तिथून हलणार नव्हतं. तिनं सिद्धीला बोलावून दाखवलं. सिद्धीला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण नाव वाचता आलं. तिनं खालून दोन प्लेट भेळ मागवली.

सिद्धी खाली गेल्यावर ऋषी म्हणाला, "त्या दोन ओळी माझ्या हायेत."

"व्हय. तुझ्याच हायेत."

"मग?"

"मग लिस्टवर सांग. मी सांगितलं तसं."

तो सांगू शकत नव्हता. बहिणीच्या अख्ख्या कामावर सही ठोकलेला माणूस आता दोन ओळींसाठी ओरडत आला असता तर लोक पोट धरून हसले असते. हे दोघांनाही कळत होतं. ऋषी म्हणाला, "लई हुशार झालीस," आणि त्यानंतर तिच्याशी बोलायचाच बंद झाला.

एका खोलीत, पाठीला पाठ लावून, एका घरातून एका मोटारसायकलवर येणारी दोघं बोलेनाशी झाली. ऋषी म्हणायचा, "पीयूष, तिला म्हणावं चौथा बोर्ड झालाय." स्नेहल म्हणायची, "पीयूष, त्याला म्हण दिसतोय मला." पीयूष बिचारा दुकानात असला तर बोर्ड संध्याकाळपर्यंत तसाच पडून राहायचा. घरी ताटावर मीठ हवं असलं तरी निरोप आईमार्फत. सरूबाईनं आधी समजूत घातली, मग शिव्या घातल्या, मग नाद सोडला. यंत्रं मात्र चालत होती. आण्यातही लाइट आली की उठत होती.

उन्हाळ्यात कोरियातल्या एका माणसाचा मेल आला. त्यांनीही तीच चिप वापरली होती. त्यानं लिहिलं होतं, 'स्नेहल, तुमच्या पॅचमध्ये मेमरी उठवायच्या आधी थांबायला सांगणाऱ्या दोन ओळी आहेत. आमचा बोर्ड तिथं अडकून पडतो. त्या कशासाठी आहेत? काढल्या तर चालेल का?'

स्नेहलनं त्या ओळींकडं बघितलं. थांबायचं का? तेवढंच का थांबायचं? तिला माहीत नव्हतं. एवढ्या दिवसांत तिनं कधी विचारलंच नव्हतं. तिनं चिपचं जाडजूड माहितीपत्रक चाळलं, त्यात काही नव्हतं. 'मोजून ठरवलं आहे' असं एक मोघम उत्तर तिनं लिहायला घेतलं आणि पुसलं. लिस्टवरच्या लोकांनी ते दाताखाली धरून तोडलं असतं. तीन दिवस ती गप्प राहिली. मग इनेशचा मेल आला, नेहमीसारखा कोरडाठक्क. 'स्नेहल, लिहिणाऱ्याला कारण सांगता येत नसेल तर मी या ओळी काढून टाकते.'

लिहिणाऱ्याला! स्नेहलची कानशिलं तापली. ऋषीही लिस्टवर होता. त्यानंही हे सगळं वाचलं होतं. तिनं मान किंचित वळवून पाहिलं, तर त्याच्या पडद्यावर तोच मेल उघडा होता आणि तो हात पोटावर बांधून आरामात बसला होता. तोंडानं विचारलं असतं तर त्यानं काय उत्तर दिलं असतं ते तिला पाठ होतं : माझं नाव कुठंय त्यात? ओळी गेल्या तर पुढच्या आवृत्तीपासून आण्याच्या डेअरीत यंत्र पुन्हा मुकं होणार, आणि तिथली माणसं कॅन घेऊन ताटकळत पीयूषला फोन लावणार. ऋषीला त्याचंही काही वाटलं नसतं. ती पडावी म्हणून तो स्वतःचं यंत्र पडू द्यायला तयार होता. आणि खरं तर त्याला विचारायचं टाळून तीही इतके दिवस तेच करत होती.

तिनं लिहायला घेतलं. लिस्टवर बोलायची रीत अशी, की ज्याला विचारायचं त्याचं नुसतं नाव वर लिहायचं. साहेब नाही, मॅडम नाही, दादा नाही. जन्मात तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती. रागात सुद्धा दादाच निघायचं तोंडातून. तिनं टाइप केलं, 'ऋषी,'

पुढं लिहिलं, 'या दोन ओळी तुझ्या आहेत. मी त्यांच्याखाली माझी सही केली, ती खोटी होती. त्या का आहेत हे मला माहीत नाही. कृपया सांग.'

आणि पाठवलं. जगाला गेलं, कोरियाला गेलं, पोर्तुगालला गेलं आणि तिच्या पाठीमागच्या कॉम्प्युटरवर टिंग करून वाजलं.

खाली कुणीतरी पाइपची लांबी विचारत होतं. ऋषीची खुर्ची वाजली. मग कळफलकाचा आवाज सुरू झाला, जोरजोरात, रागानं बडवल्यासारखा, आणि थांबेचना.

उत्तर तिच्या पडद्यावर आलं. 'स्नेहल, आण्याला लाइट एकदम येत नाही. आधी बल्ब लाल होतो, मग पिवळा, मग पांढरा. चिप लाल बल्बलाच जागी होते, मेमरी पिवळ्याला. मेमरी जागी व्हायच्या आत चिप तिला हाक मारते, उत्तर येत नाही आणि सगळं अडकतं. म्हणून थांबायचं. किती थांबायचं ते मी तिथं बसून बघितलं. कोरियातल्या बोर्डावर मेमरी दुसरी असणार. त्यांनी थांबण्याची वेळ स्वतः ठरवावी, तशी सोय करणारा पॅच सोबत आहे, खाली माझी सही आहे. तुझीही लागेल. इथून पुढं न समजलेल्या ओळी पाठवू नयेत.'

स्नेहलनं ते वाचलं. शेवटच्या वाक्यावर तिचे दात आवळले गेले, पण पॅच चांगला होता. फक्त एका ठिकाणी त्यानं घाण करून ठेवली होती. 'ऋषी, तिसरी ओळ चुकली आहे. लोक शून्य घालतील तेव्हा काय होईल?' तिनं लिस्टवर विचारलं. 'स्नेहल, बरोबर. सुधारतो,' त्यानं लिस्टवर उत्तर दिलं. दोन खुर्च्यांमध्ये हातभर अंतर होतं.

त्या दिवसापासून तसंच सुरू झालं. बोर्डाचं असो, प्रिंटरचं असो, 'ऋषी, हे का?', 'स्नेहल, ते तसं नाही, नीट वाच', इंग्रजीत, सगळ्या जगासमोर, मुद्द्याला धरून आणि फटकळ. मराठीत मात्र एक अक्षर नाही. मोटारसायकलवर नाही, ताटावर नाही.

एकदा सरूबाई बाजाराला फाट्यावर आली आणि दुकानात टेकली. स्नेहल माडीवरून खाली यायला निघाली होती. जिन्यात तिला आईचा आवाज ऐकू आला.

"पीयूष, खरं सांग बाबा. पोरं बोलत्यात का रं एकमेकांशी?"

"बोलतात की मावशी. रोज बोलतात. भांडतात पण."

"मग मला ऐकू कसं येत न्हाई कधी?"

"ते तिकडं बोलतात," तो म्हणाला. "तिकडं समद्यांना ऐकू येतं."

"म्हंजी आमालाच तेवढं न्हाई," सरूबाई म्हणाली.

स्नेहल जिन्यात उभी राहिली. खाली जावं, आईला काहीतरी सांगावं, असं तिच्या फार मनात आलं. तेवढ्यात माडीवर तिचा कॉम्प्युटर टिंग करून वाजला. ऋषीनं काहीतरी विचारलं होतं. ती वर गेली आणि उत्तर लिहायला बसली.